भागूबाईचा पिंड

त्या वर्षी श्रीहिरगीर महाराजांचा मुक्काम कुसळवाडीला, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात होता. गावातल्या सिद्राम साळ्याची बायको भागूबाई चैत्रात तापाने गेली. सिद्रामाला घर खायला उठे. मागाजवळ जाई, परत दाराशी येई. शेवटी देवळाकडे जाई आणि सुतक म्हणून पायरीखालीच नाम घेत बसे. तिथेही धड बसवत नसे.

त्याचे सोबती हसत. शेजारचा रंभाजी, लहानपणापासूनचा मित्र, म्हणे, "बायको जाऊन आठ दिवस नाही झाले, गडी बुवा झाला. अंगारा कधी देणार?"

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढले. सिद्राम हात जोडून म्हणाला, "भागू, तुझा खंडोबाचा नवस मी फेडीन." कावळे हलले नाहीत. "तुझी म्हातारी आई सांभाळीन." तरी नाहीत. तिचे आणखी काय राहिले, ते त्याला आठवेना. तो येरझारा घालू लागला.

"तुझ्या देवाला सांग की, कावळा धाड म्हणून," रंभाजी म्हणाला. लोक हसले. "नाहीतर दर्भाचा कावळा करा न् सुटा. भुका लागल्यात."

"दर्भाचा नको. ती अडकलीय रे कशात तरी," सिद्राम म्हणाला आणि डोळे मिटून त्याने महाराजांचा धावा केला.

तोच महाराज घाटावर आले. कोणी बोलावले नव्हते. हातात अर्धी भाकरी होती.

"सिद्रामा, भागूबाई तुझ्याआधी कधी जेवली होती का?"

"नाही महाराज. माझं झाल्याशिवाय ती घास घेत नसे."

"मग आज कशी घेईल? दहा दिवस तुझं ताट गाय खाते आहे."

शेजाऱ्यांकडून येणारे ताट सिद्राम गुपचूप गोठ्यात ठेवी. ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती.

"विधी व्हायचाय अजून," भटजी पुटपुटले. महाराजांनी भाकरी सिद्रामाच्या हातात दिली. पहिला घास त्याला गिळवेना. दुसरा कसाबसा उतरला. तिसरा तोंडात असतानाच एक कावळा उडाला, सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

काय ही संतांची दृष्टी!

रंभाजीने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "मी भिंतीला भिंत लावून राहतो, महाराज. जेवलास का, एवढंही विचारलं नाही."

महाराज म्हणाले, "ऊठ. त्याला पाणी दे. घास अडकलाय त्याचा."