सी नावाचा भाग

“बुवा, ज्या भागात काहीच ठेवायचं नाही, तो भाग हवा कशाला?”

कौस्तुभ शहरातून शिकून मठात आला होता. मठाचा संगणक आता तोच बघायचा. दामूबुवा मठाचे प्रमुख. तरुणपणी त्यांनीही अशी यंत्रं सांभाळली होती.

“कुठला भाग?”

“सी. डिस्कचे भाग पाडलेत ना… ए मध्ये उत्सवांचे फोटो, डी मध्ये थोरल्या महाराजांची प्रवचनं. आणि सी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी डिस्क. सगळ्यांच्या अंगावर पसरलाय नुसता. कुणीतरी चुकलंय, बुवा.”

“असू दे तो.”

“मी काढून टाकला.”

बुवा उठून यंत्राजवळ आले.

“लेबल पुसलं, नवं लिहायला घेतलं. आणि आता…” त्याचा आवाज खाली आला. “ए दिसत नाही, डीही नाही.”

लेबल म्हणजे डिस्कच्या तोंडाशी असलेली नोंद. कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, एवढंच तिच्यात असतं.

थोरले महाराज जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज त्या डिस्कवर होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.

“अंदाजाने भाग पाडतो, फॉरमॅट मारतो. मग कदाचित…” कौस्तुभचे हात कीबोर्डकडे गेले. फॉरमॅट मारला की जुनं होतं तेही पुसलं जाणार होतं.

बुवांनी ताकाची वाटी काठोकाठ भरली आणि त्याच्या दोन्ही हातांत दिली.

“सांडू नकोस.”

मग ते स्वतः यंत्रापुढे बसले.

“काय दिसतंय, वाच.”

“काही नाही… फक्त सी.”

“तो पुसला होतास ना?”

“पुसला होता. यंत्राने आपणहून परत दाखवला.”

“हं.”

बुवांनी यंत्राला सी वाचायला लावला. पहिल्या टोकापासून, सावकाश. लिहायचं काहीच नाही, नुसतं वाचायचं. जुना भाग जिथे सुरू होत होता तिथे त्याची खूण अजून तशीच होती. खूण सापडली की बुवा तिथे भागाची हद्द आखत.

ऊन भिंतीवरून उतरलं. कौस्तुभ वाटी धरून तसाच बसला होता.

“ताक छान धरतोस,” बुवा म्हणाले. “शिक्षण वाया गेलं नाही.”

कौस्तुभची नजर वाटीच्या काठावरून हलली नाही.

…

आधी खोकला ऐकू आला. मग थोरल्या महाराजांचा आवाज.

“मागे का बसलात रे? पुढे या.”

कौस्तुभचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते. बुवांनी आपल्या उपरण्याने ते पुसले.

प्रवचन संपल्यावर तो म्हणाला, “चुकलो, बुवा… वाटी खाली ठेवू?”

“ठेव की.”

तो वाकला. समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोब्याची सलग जमीन होती.

“पण कुठल्या भागात ठेवतोस, तेवढं सांग.”