हरलेल्या पेढ्यांची बासुंदी

एकदा एका गावाला हरण्याची सवय लागली. खेळ कबड्डीचा, निमित्त देवीच्या जत्रेचे, आणि समोर दरवर्षी नदीपलीकडचे थोरले गाव. सामन्याच्या सकाळी गावचा हलवाई विजयाचे पेढे करी, परात फडक्याने झाकून मैदानावर आणी आणि संध्याकाळी तशीच झाकलेली घरी नेई. जिंकल्याशिवाय फडके काढायचे नाही, अशी रीत होती. हरलेले पेढे विकत तरी कोण घेणार? मग दुसऱ्या दिवशी ते दुधात विरघळवून त्यांची बासुंदी होई आणि सारे गाव ती खाली मान घालून खाई. लहान मुलांची तर समजूतच झाली होती की जत्रा संपली की बासुंदी असते.

हा हलवाई म्हणजे गावच्या संघाचा सर्वांत कट्टर चाहता. "यंदा आपली पोरं मैदान मारणारच," असे तो पौषात म्हणू लागे, फाल्गुनात त्याला ते मनापासून पटे, आणि चैत्राची जत्रा झाली की तोच, "पुन्हा मैदानात पाय ठेवला तर नाव बदलीन," अशी शपथ घेई. नाव काही त्याने अजून बदलले नव्हते.

पण एका वर्षी अगदी शेवटच्या चढाईत, एका गुणाने, हातातला सामना गेला. त्या वर्षी बासुंदी त्याच्या बायकोनेच आटवली. हा भिंतीकडे तोंड करून पडून होता. ते दुःख पुढची जत्रा आली तरी गेले नाही. सामन्याच्या दिवशी तो गावच्या वृद्ध गुरुजींकडे गेला. शाळेत अक्षरे आणि मैदानात चढाई, दोन्ही त्याला त्यांनीच शिकवले होते.

"गुरुजी, आता सोसत नाही," तो म्हणाला. "छातीत धडधडतं, घरात भांडणं होतात, आणि पदरात काय पडतं? आजपासून मी थोरल्या गावाच्या बाजूला बसणार. जिंकणाऱ्यांत बसलो तर जिवाला स्वस्थता तरी मिळेल."

गुरुजी आता चांगले फैलावर घेणार, असे त्याला वाटले. गुरुजी मात्र काठी घेऊन उठलेच. "अगदी योग्य. चल, मीच तुला बसवून देतो. पेढे केलेस ना? तेही घे. फडकं काढायला मिळालं तर तिकडेच मिळेल."

सगळ्या गावादेखत गुरुजींनी त्याला हाताला धरून मैदानापलीकडे नेले, थोरल्या गावाच्या मांडवात खुर्चीवर बसवले आणि स्वतः परत येऊन आपल्या लोकांत बसले. गावकऱ्यांनी तोंडात बोटे घातली.

सामना सुरू झाला. थोरले गाव सहज पुढे गेले. हलवाई खुर्चीत रेलून बसला. छातीत धडधड नाही, हातांना घाम नाही. शेजारचा गृहस्थ जांभई देत म्हणाला, "गेल्या खेपेपेक्षा यंदा जरा सावकाशच चाललंय." पलीकडचे दोघे कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते. हलवायाने परात पुढे केली. "विजयाचे पेढे आणलेत."

"ठेवा ना तिकडे. निघताना बघू."

हलवायाला ते फार लागले. आयुष्यात पहिल्यांदा तो जिंकणाऱ्यांत बसला होता आणि त्याला चक्क कंटाळा येत होता.

इकडे त्याच्या गावाचे सगळे गडी बाद होऊन रेषेबाहेर बसले होते. उरला होता एकटा बाळकू, सायकली दुरुस्त करणारा, अंगाने काडी. तो चढाईला गेला. तिघांनी त्याला पकडले. बाळकू मातीत सरपटला, हात ताणला, आणि त्याची बोटे मध्यरेषेला लागली. पंचांनी त्या तिघांना बाद दिले, आणि बाळकूचे बाहेर बसलेले तीन सोबती टुणकन उठून आत आले.

"शाब्बास रे माझ्या वाघा!"

थोरल्या गावाच्या मांडवात हे कोण ओरडले म्हणून सगळे वळून पाहू लागले. हलवाई खुर्चीवर उभा होता. पुढच्याच क्षणी परात उचलून तो मैदानाला वळसा घालत धावत सुटला. आपल्या लोकांत पोहोचताच त्याने फडके भिरकावले आणि दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबू लागला.

"अरे, सामना अजून संपला नाही!" सरपंच म्हणाले.

"म्हणून काय झालं? आ करा!"

सामना गाव हरलेच. त्यात काही बदल झाला नाही.

संध्याकाळी हलवाई रिकामी परात घेऊन गुरुजींच्या ओट्यावर आला. त्याचा आवाज पार बसला होता. "गुरुजी, तुम्ही मला अडवलं का नाहीत?"

"अडवलं असतं तर तुझं मन तिकडेच जाऊन बसलं असतं," गुरुजी हसून म्हणाले. "मिळाली का स्वस्थता?"

"स्वस्थता होती हो. पण चव नव्हती."

"मी तुला खेळ शिकवला, त्यातलं एक विसरलास. बाद झालेला गडी घरी जातो का? तो रेषेबाहेर बसून राहतो. आपल्यातल्या कुणी समोरचा मारला की तो उठतो. त्या उठण्यात जो आनंद आहे, तो बाहेर बसून वाट पाहिलेल्यालाच कळतो. थोरल्या गावाला बाहेर बसायची वेळच येत नाही; त्यांना तो कुठून ठाऊक असणार? तू इतकी वर्षं बसलास ते काही वाया गेलं नाही. फक्त बाळकूसारख्यांच्या वाट्याचे पेढे उगाच शेवटच्या शिट्टीसाठी झाकून ठेवत होतास."

 परातीच्या काठाला चिकटलेला पेढ्याचा कण हलवायाने बोटाने काढला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले वाट्या घेऊन दुकानासमोर उभी राहिली.

"यंदा बासुंदी नाही रे," हलवाई बसक्या आवाजात म्हणाला. "पेढे उरलेच नाहीत."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतल्या एका मुलीने विचारले, "म्हणजे आपण जिंकलो?"

हलवायाने जरा विचार केला.

"थोडंसं," तो म्हणाला, आणि त्याने दूध आटवायला ठेवले.