काटकीवरून झाड ओळखणारी चांगीआजी

ज्यांच्या पणतवंडांचेही केस आता पिकले, त्या लोकांच्या वेळची ही गोष्ट. डोंगराच्या पोटाशी कातळवाडी नावाचं ठाकरांचं गाव होतं. पौष सरला की तिथलं सगळं रान उघडं पडायचं. पान नाही, फूल नाही, नुसत्या काटक्या. मग कोणतं झाड कोणतं, हे कुणालाच कळत नसे. म्हणून पानं असतानाच औषधी झाडांना चिंध्या बांधून ठेवायची रीत होती. हगवणीवरच्या कुड्याला पांढरी चिंधी.

चांगीआजी मात्र चिंधी बांधत नसे. ती काटकी हातात घ्यायची, मिटलेला कोंब चाचपायची आणि झाडाचं नाव सांगायची. सागाची काटकी चौकोनी, पळसाचा कोंब मऊ लवेचा. ती म्हणायची, "पान म्हणजे झाडाचं नेसणं. नेसणं फेडलं म्हणून माणूस परका होतो का?"

गावचा कारभारी जोमा हसायचा. "आजी, काटक्या तुझ्याशी एवढ्या बोलतात, तर माझी हरवलेली म्हैस कुठंय तेही विचार की!"

"विचारलं. म्हैस म्हणते, जोमाकडं परत जायचं नाही."

पुढे आजीचे डोळे गेले. लोक तिला विसरले.

मग एका माघात गावात हगवण शिरली. आठ दिवसांत पाच माणसं गेली. आजीच्या सुनेची, आंबीची, तीन वर्षांची पोर बुधीही अंथरुणाला खिळली. जोमा रानात गेला आणि पांढऱ्या चिंधीच्या झाडाची साल घेऊन आला. पण ती चिंधी वाऱ्यानं सुटून पडली होती, आणि कुणीतरी चांगल्या मनानं ती उचलून शेजारच्या झाडाला बांधली होती. ते झाड होतं विषारी काजऱ्याचं. काढा पहिल्यांदा जोमाच्या भावानं घेतला. घटकाभरात त्याचं अंग धनुष्यासारखं वाकलं, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आजी म्हणाली, "आंबे, मला रानात ने."

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. ज्यावरून कुडा ओळखावा, तो पांढरा चीकसुद्धा आटलेला. चव पाहावी, तर कुड्याची नि काजऱ्याची, दोन्ही साली कडूच. म्हातारपणानं आजीची बोटं बधिर झाली होती, म्हणून ती काटक्या ओठांना लावत चालली. आंबी फांद्या वाकवून देत होती. जीव मात्र घरी पोरीपाशी होता. आजीचे ओठ फाटले. असं म्हणतात, की ज्या काटकीला तिचं रक्त लागलं, तिला त्याच दिवशी भर माघात पालवी फुटली.

एका झाडाशी ती थांबली. "काजऱ्याचं पेर सुजलेल्या सांध्यासारखं असतं. हे सडपातळ आहे. हा कुडा."

त्या सालीचा काढा घरोघरी, अकरा चुलींवर उकळला, पण भांड्याला कुणी हात लावेना.

"आंधळीच्या भरवशावर पोरं मारू का?" जोमा म्हणाला. "आमच्या भांड्यातला घोट आधी तू घे."

"घेते. प्रत्येक घरचा घेते."

आंबीनं तिचा पदर धरला. "आत्याबाई, आधी आपल्या घरी चला. बुधी डोळे उघडत नाही."

"वैदीण आधी गावाची, आंबे. आपलं घर शेवटी."

आंबीनं तिला हाताला धरून घरोघर नेलं. प्रत्येक घरानं आजीला घोट पाजला, घटकाभर समोर बसवून ठेवलं, आणि ती जिवंत आहे हे पाहून मगच पोरांना काढा दिला. पोरं तरली. आपल्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत दिवस कलला होता. आजीनं घोट घेतला. आंबीनं बुधीच्या तोंडाला वाटी लावली. काढा ओठांच्या कडेनं गळून गेला. पोर गार पडली होती.

जोमानं पागोटं आजीच्या पायांवर ठेवलं. ती म्हणाली, "तुझी पोरं जगली ना? ऊठ मग." आंबीला मात्र ती काहीच म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी आजी काठी न घेता रानात गेली, ती आलीच नाही. असं म्हणतात, की त्या दिवसापासून त्या रानात एक झाड आहे, माघात त्याची काटकी कुणालाच ओळखता येत नाही.

कातळवाडीत आता झाडाला चिंधी बांधत नाहीत. माघात लहानथोर रानात जातात, डोळे मिटून काटकी ओठांना लावतात आणि झाडाचं नाव सांगतात. आणि गावात औषध कुणीही उकळो, पहिली वाटी वैद्याच्या घरच्या आजाऱ्याला जाते. त्या घरी कुणी आजारी नसेल, तर ती वाटी बुधीच्या नावानं उंबऱ्यावर ओततात.