भिंतीकडे तोंड करून बसणारे मास्तर

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत खडकोली नावाचं गाव होतं. भोवतीच्या उतारांवर सहा वाड्या, आणि सगळ्यांत मिळून शाळा एकच, खडकोलीच्या देवळामागची. तिथे भिवसेन मास्तर शिकवायचे. त्यांनी पाढे सुरू केले की पलीकडच्या उतारावरची गुरं चरायची थांबून मान वर करायची, असं म्हणतात.

पण वाड्यांतली पोरं शाळेत येणार कशी? वाटेत ओढे, जंगल, पलीकडे नदी. मास्तरांनी ठरवलं, वाडीवाडीतलं एकेक जाणतं माणूस निवडायचं, त्याला मास्तर करायचं आणि त्याच्याच वाडीवर धाडायचं.

पहिला निवडला केरबा गुरव. केरबा शिकवायचा आणि मास्तर शेजारी तिवईवर बसायचे. तो चुकला की तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, पोरांदेखत. चांगल्या मनानंच करायचे हो, पण व्हायचं ते झालं. केरबा वाडीवर गेला आणि पंधरा दिवसांत मान खाली घालून परत आला.

"पोरं आयकत न्हाईत," तो म्हणाला. "म्हंत्यात, आदी थोरल्या मास्तरांला इचारून या."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. चूक कुणाची हे त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिवई उचलली, वर्गात अगदी मागे नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पोरांनी वळून पाहिलं तर नुसती पाठ. केरबानं पाहिलं तरी पाठच. मग काय करतो बिचारा, लागला स्वतःच्या डोक्यानं शिकवायला.

शाळा सुटली की मास्तर त्याच्यासोबत पाणवठ्यापर्यंत चालायचे. चूक एकही काढायचे नाहीत. एवढंच विचारायचे, "आज कुणाचं तोंड उघडलं नाही?" केरबा आठवून नाव सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी आधी त्याच पोराजवळ जाऊन बसायचा. वर्षभरानं तो पुन्हा वाडीवर गेला, आणि त्याची शाळा अशी रुजली की म्हातारेसुद्धा पाटी घेऊन बसू लागले.

त्याच्यामागून एकेक करत आणखी चौघे तयार झाले. वर्ष-दोन वर्षं पाणवठ्याच्या वाटेवर सोबत चालले आणि आपापल्या वाडीवर गेले. मास्तरांना ना बायको ना लेकरं. ती वाटच काय ती त्यांची बोलायची जागा. दर वेळी कुणी गेलं की काही महिने ते एकटेच चालायचे. संध्याकाळी टेकडीवर जाऊन बसायचे, आणि वाऱ्यावर त्यांना पाचही वाड्यांचे पाढे ऐकू यायचे, असं म्हणतात.

सहावी आली सगुणा, नदीपलीकडच्या उंबरवाडीची. हसरी, बोलकी, मास्तरांसाठी भाकरी बांधून आणणारी. तिच्यासोबत पाणवठा लवकर यायला लागला. मास्तरांना वाटू लागलं, हिला इथंच ठेवून घ्यावं. पोरं वाढली होती, खडकोलीला दुसरं माणूस हवंच होतं, तेही काही खोटं नव्हतं.

एक दिवस तीच म्हणाली, "मास्तर, मी हितंच ऱ्हाऊ का? तुमास्नी बी सोबत व्हईल."

'राहा' हा शब्द अगदी ओठांवर आला. आयुष्यात कुठला शब्द बोलावासा त्यांना इतका वाटला नव्हता. पण ते म्हणाले, "मग उंबरवाडीच्या पोरांचं तोंड कधी उघडायचं, पोरी?"

सगुणा नदी उतरून गेली. मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभे होते.

त्यानंतर शिकायला कुणी आलं नाही, वाड्या संपल्या होत्या. मास्तर पोरांना पाढे लावून द्यायचे आणि सवयीनं मागे भिंतीशी जाऊन बसायचे. सुटल्यावर पाणवठ्यावर जायचे आणि कुणी नसताना विचारायचे, "आज कुणाचं तोंड उघडलं नाही?" गावानं हे ऐकलं, पण उत्तर द्यावं असं कुणाला सुचलं नाही.

तिकडे उंबरवाडीत सगुणाही रोज स्वतःला तेच विचारायची. तिसऱ्या वर्षी एके दिवशी तिनं सगळी पोरं आठवून पाहिली, आणि सगळी बोलली होती. तरी प्रश्न मनातून जाईना. चालता चालता ती वाटेतच थांबली. मागे भिंतीशी एक माणूस बसायचा. त्याचं कुणी कधी विचारलं होतं?

ती बाकीच्या पाचही वाड्या फिरली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी घडवलेले सहाही जण मिळून खडकोलीला आले. पोरं पाढे म्हणत होती. तिवई जागेवर होती, भिंतीला लागून, आणि अजून ऊबदार होती. मास्तर मात्र नव्हते. ते पुन्हा कधीच कुणाला दिसले नाहीत. भिंतीत विरून गेले, असं म्हणतात. कपाळ टेकायच्या उंचीवर तिथं एक खळगा आहे. दर वर्षी भिंत लिंपतात, पण तो काही भरत नाही.

आजही त्या सात गावांत नवा शिक्षक आला की सगळ्यात जुना शिक्षक वर्गात मागे तिवईवर बसतो, भिंतीकडे तोंड करून. आणि वर्षातून एकदा, सगुणा नदी उतरून आली त्या दिवशी, सगळे शिक्षक खडकोलीला जमतात. तिवई भिंतीपासून ओढून घेतात आणि त्यांच्यातल्या सगळ्यात वडील शिक्षकाला माणसांकडे तोंड करून तिच्यावर बसवतात. मग सगळ्यात नवा शिक्षक विचारतो, "मास्तर, तुम्ही कसे आहात?"

ते बोलेपर्यंत कुणी जागचं उठत नाही.