हुंकेलबाखचा हात

ही गोष्ट अगदी खरी आहे. शपथ घ्या म्हणाल तर घेतो. मी स्वतः ते गाव पाहिलंय. म्हणजे, आमची गाडी त्या गावाजवळून गेली. म्हणजे, गेली असं शेजारच्या प्रवाशानं सांगितलं, कारण मी घोरत होतो. पण खरं ते खरंच. आता पांघरुणं घ्या आणि चिमटे काढणं थांबवा.

तर एकदा काय झालं, जर्मनी देशात हुंकेलबाख नावाचं एक गाव होतं. गाव केवढं? या टोकाला कुणी शिंकलं की त्या टोकाचा माणूस ‘जपा हो तब्येतीला’ म्हणायचा, एवढं. भोवती दगडी तट आणि तटाला एकच वेस. वेशीवर उंच बुरूज. बुरुजाच्या टोकाला एक खोली, तिथे वाल्बुर्गाबाई राहायच्या. सकाळी वेस उघडायची, दिवेलागणीला लावायची, हे त्यांचं काम. त्या जन्मल्या त्या खोलीत, त्यांची आई म्हातारी झाली त्या खोलीत. दुसरं घर त्यांना नव्हतंच.

आणि गावच्या कचेरीच्या भिंतीवर होती एक लोखंडी पट्टी. तिचं नाव ‘हात’. आपण कापड मोजतो ना, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, तसा. पण कुणाचा हात? तर नगराध्यक्षांचा. नवे नगराध्यक्ष आले की लोहार त्यांचा हात मोजायचा आणि तेवढी नवी पट्टी ठोकायचा. लोखंड यायचं डोंगराच्या पोटातल्या बुटक्यांकडून, म्हणून त्यात जादू होती, बरं का. वेशीतून आत येणाऱ्याचं जे माप कागदावर असेल, ते गावच्या हातानं खरं व्हायचं. एक लबाड व्यापारी अठरा हात कापड घेऊन आला आणि कागदावर लिहिलं वीस. वेशीत पाऊल टाकताच कापड चर्र करून ताणलं गेलं, आणि चांगलं वीस हात झालं. बाहेर गेला की पुन्हा अठरा.

मग काय झालं, त्या मुलखाच्या राजानं नवी घोडागाडी केली. ऐसपैस. आणि हुकूम धाडला: ‘आमची उंची चार हात. आमच्या गाडीची रुंदी सहा हात. येत्या रविवारी आम्ही गाव पाहायला येऊ. गाडी वेशीतून शिरली नाही, तर वेस बुरुजासकट पाडली जाईल.’

वेस होती जेमतेम चार हात रुंद.

गाव चौकात जमलं. एक म्हणाला, गाडीला दोन्ही बाजूंनी लोणी लावू. दुसरा म्हणाला, राजाला टोपलीत बसवून तटावरून आत घेऊ. तिसरा म्हणाला, पाडू दे की वेस, वारा तरी येईल. वाल्बुर्गाबाईंनी तिसऱ्याकडे असं पाहिलं, की तो पुढे महिनाभर त्यांच्या समोरून गेला नाही.

मग त्या नगराध्यक्षांकडे गेल्या. एंगेलबर्ट त्यांचं नाव. ताडमाड माणूस, हात गुडघ्यापर्यंत. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही खुर्ची सोडा.’

‘तुमच्या एका खोलीपायी?’

‘खुर्ची कुठे जात नाही हो. थोडे दिवस तिच्यात पाळणा ठेवायचाय.’

पावरोटीवाल्यांना महिन्यापूर्वीच मुलगी झाली होती, ओटिली. गावानं हात वर करून तिला नगराध्यक्ष केलं. लोहार मोजायला आला तर ती मूठ उघडेना. उघडली ती लोहाराची मिशी धरायला. तेवढ्यात त्यानं माप घेतलं. नवा हात झाला वीतभरसुद्धा नाही.

रविवारी राजा आला. पुढे दोन घोडे, मागे ती थोरली गाडी. घोड्यांचं माप कुणी लिहिलंच नव्हतं, म्हणून घोडे आले तसे आत गेले. पण गाडीचं चाक वेशीला लागलं, आणि मग... गाडी झाली बाबागाडीएवढी, आणि राजा झाला तांब्याच्या घागरीएवढा.

पण गंमत अशी, की आपण लहान झालो हे राजाला कळलंच नाही. त्याला वाटलं, हे गावच केवढं मोठं. चौकात दगडी बेडकाचं कारंजं होतं. राजा म्हणाला, केवढा हा धबधबा. कचेरीच्या घड्याळात बारा वाजले, त्याच्या दारातून लाकडी कोंबडा बाहेर आला, तेव्हा राजा गाडीखाली शिरला. पावरोटीवाल्यांनी वेटोळ्याचा खारा पाव दिला, तो त्यानं हार समजून गळ्यात घातला आणि सगळ्यांना नमस्कार केला.

शेवटी बुरूज. नव्वद पायऱ्या. पाचवीवरच राजा दमला. वाल्बुर्गाबाईंनी त्याला सरळ कडेवर घेतलं आणि वर नेलं. खिडकीतून दूरवर त्याचा राजवाडा दिसत होता, तिळाएवढा.

राजा हळूच म्हणाला, ‘माझा राजवाडा एवढासाच?’

‘इथून सगळं एवढंसंच दिसतं, महाराज. म्हणून तर इथे कुणीतरी राहायला हवं.’

राजानं विचार केला आणि हुकूम फाडून टाकला. वेस राहिली, बुरूज राहिला, खोलीही राहिली. पुढेही ओटिलीच नगराध्यक्ष राहिली, आणि ती वाढत गेली, तशी दर वर्षी नवी पट्टी ठोकावी लागली. एकाखाली एक अशा सतरा पट्ट्या झाल्या, आणि लोक त्या पाहायला लांबून येऊ लागले.

आता एक कबूल करतो. बाळ नगराध्यक्ष झालं ते खरं. राजा घागरीएवढा झाला तेही खरं. पण त्यानं विचार केला आणि हुकूम फाडला, ते मात्र मी घातलं. राजे लोक असं करत नाहीत. खरं सांगू? बाईंनी कडेवरच्या राजाला जरा थोपटलं, आणि तो त्यांच्या खांद्यावर गाढ झोपला. मग त्यांनी त्याला गाडीत निजवलं आणि घोड्यांना वेशीबाहेर हाकललं. बाहेर जाताच गाडी थोरली झाली, राजा मोठा झाला, तरी घोरतच होता. घरी जाऊन उठला, तेव्हा वेस कशाला पाडायची होती तेच त्याला आठवेना.

पोटभर झोप झाली की असंच होतं. सरका आता, आणि डोळे मिटा.