किंजळीखालचं वारूळ

“जागा दाखवणार आहात की नाही, आबा?”

धाकूआबा गावडे कोयतीला धार लावत राहिले...

अनंत धुरीचा हा तिसरा दिवस. वनस्पतिशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक, पण गावात आल्यापासून या म्हाताऱ्याच्या खळ्यात ताटकळत होता. आईला जाऊन वर्ष झालं होतं. दर श्रावणात ती रानातल्या एका वारुळावरून अळंबी आणायची. ते वारूळ तिला आबांनीच दाखवलेलं. आता ते ठाऊक असलेले एकटे आबाच उरले होते, आणि त्यांचीही नव्वदी जवळ आलेली.

बरं, प्राध्यापक म्हटल्यावर तोंड गप्प कसं बसणार! पोलंडात माणसं अळंबी खुडायला पोराबाळांसकट टोपल्या घेऊन रानात कशी शिरतात, फिनलंडात कुणाच्याही रानात खुडायची मुभा कशी असते, जपानातले म्हातारे आपली जागा पोटच्या पोरालाही कशी सांगत नाहीत, सगळं ऐकवून झालं. तिन्हीकडे तो स्वतः खुडून आला होता. खायची कुठली आणि विषारी कुठली, ते नुसत्या वासावरून सांगेन म्हणाला.

आबांनी मान वर केली नाही.

“पण आईच्या हातच्या कालवणाची चव कुठंच मिळाली नाही, आबा.”

आबा उठले. “चल.”

वारूळ किंजळीच्या झाडाखाली होतं. चहूबाजूंनी पांढऱ्या कळ्या वर आलेल्या. अनंत मटकन खालीच बसला. आईचा ओला पदर, त्यात बांधून आणलेली मातकट अळंबी, चुलीवरच्या वाटपाचा वास... सगळं एकदम दाटून आलं. मग हात जे चालू लागले ते थांबेचनात. बघता बघता सोबत आणलेली टोपली भरली.

“तुझी आई किती न्यायची?” आबांनी विचारलं.

“मूठभर. माझ्या वाट्याला दोन-तीनच यायची. मी फार रडायचो. खूप उगवलीत म्हणायची, मग सोडून ही येते कशी, कळायचंच नाही. आज मात्र पोटभर खाणार.”

उरलेल्या चार कळ्यांकडे त्याचा हात गेला.

आबांनी खाली वाकून त्यांच्यावर आपला तळवा पालथा घातला.

“चारच तर आहेत, आबा...”

आबांनी तळवा उचलला नाही.

“तुझ्या आईनं सोडलेली तू खुडलीस, झिला... ही ज्याची, तो अजून जन्मायचा आहे.”