मिटलेली पुस्तकं

शाळा तपासायला येणारे डोईफोडे साहेब म्हणजे भलते कडक. वर्गातून घोकण्याचा आवाज आला नाही, की यांचं डोकं उठलंच! त्या दिवशी सहावीच्या वर्गात येऊन पाहतात तर काय, सगळी पोरं पुस्तकं मिटून गप्प बसलेली.

"लाटकर बाई, हा वर्ग आहे की ध्यानमंदिर?" साहेब कडाडले. "आत्ताच शेरेबुकात लिहितो. तुमची बदली पक्की समजा!"

बाई काही बोलणार, तोच पहिल्या बाकावरची कस्तुरा उठली. "साहेब, अभ्यासच चाललाय. धडा वाचला, पुस्तक मिटलं, आता काय काय आठवतंय ते बघतोय."

"आठवत कसले बसता? पुन्हा वाचा! दहादा वाचलं की आपोआप पाठ होतं. परिपत्रकातही हेच आहे." साहेबांनी खिशातून कागद काढून खड्या आवाजात वाचला. "सतरा शाळांत वाचून दाखवलंय मी हे!"

"सतरा?" कस्तुराचे डोळे चमकले. "मग आता कागद मिटून सांगा ना, साहेब."

साहेबांनी ऐटीत कागदाची घडी घातली. "त्यात काय! सर्व संबंधितांना... कळविण्यात येते की..." पुढे गाडी हलेना. त्यांनी छताकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. शेवटी बोटं हळूच घडी उलगडू लागली.

"राहू द्या, साहेब," कस्तुरा समजुतीनं म्हणाली. "वाचलंत तुम्ही, पण पाठ कागदालाच झालंय."

अख्खा वर्ग खिदळला. साहेबांनी मुकाट्यानं शेरेबुक ओढलं आणि लिहिलं, "पुस्तके मिटलेली आढळली. अभ्यास चालू होता."